कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पब चालवणारे पूर्वज कसे शोधावेत?

तुमच्या नवऱ्याचे खापरपणजोबा इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या कोळ्यांच्या गावात पब चालवायचे असं घरात सांगतात, पण १८६१ च्या जनगणनेत त्यांचा धंदा मासेमारी लिहिलाय. मग ती गोष्ट खोटी का, असं तुम्ही विचारलंय. मला ती खरी वाटते. माझ्या सासरीही पुरुष होडीवर आणि पब बायकोच्या हातात, असंच चालायचं.

म्हणून आधी घरातल्या बायका शोधा. परवाना बहुधा नवऱ्याच्या नावावर असे. तो गेला की विधवेच्या नावावर होई, पुढे तिच्या दुसऱ्या नवऱ्याच्या किंवा जावयाच्या. कागदावर आडनाव बदललं की वाटतं, पब परक्यांकडे गेला. आमच्याकडे आडनावं बदलत गेली, घर तेच राहिलं.

परवान्यांच्या वह्यांत नाव नसलं तरी निराश होऊ नका. १८३० च्या कायद्यानं घरपट्टी भरणाऱ्या कोणालाही वर्षाला दोन गिनी (जुनं इंग्रजी चलन) भरून राहत्या घरात बिअर विकता येऊ लागली, परवान्यासाठी मॅजिस्ट्रेटकडे जावंच लागत नसे. १८६९ पर्यंत हे चाललं.

मला सर्वात जास्त सापडलं ते बुडालेल्यांच्या बातम्यांत. डिसेंबर १८०७ मध्ये 'लो बार' या किनाऱ्यावरच्या वाळूच्या बांधापाशी 'ॲन्सन' ही युद्धनौका फुटली. तोवर समुद्रानं आणून टाकलेली प्रेतं किनाऱ्यावरच पुरत. हेल्स्टनचे वकील थॉमस ग्रिल्स यांनी कायद्याचा मसुदा केला, आणि १८०८ पासून अशा अनोळखी माणसालाही चर्चच्या आवारात जागा मिळू लागली. मृत्यूची चौकशी मात्र पुष्कळदा पबातच बसे, कारण कॉरोनर (मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) आणि ज्यूरी मावतील अशी खोली गावात दुसरीकडे क्वचितच असायची. त्यामुळे बातमीत पबचं नाव येतं, कधी मालकाचंही. त्या खोलीत आपल्या घरच्या बायका वावरल्या असतील, हे वाचताना मला फार भरून आलं. 'ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह'वर गाव आणि पब यांची नावं एकत्र टाकून बघा.

परवान्यांचे कागद रेडरुथच्या 'क्रेसन केर्नो'त शोधा. हे अभिलेखागार २०१९ मध्ये जुन्या ब्रुअरीच्या इमारतीत सुरू झालं. जाण्याआधी खापरपणजोबांच्या मुलींच्या लग्नाचे दाखले मागवा. १८३७ नंतरच्या दाखल्यांत वधूच्या वडिलांचा धंदा लिहितात, आणि जनगणनेतला कोळी तिथे 'इनकीपर', म्हणजे पब चालवणारा, म्हणून भेटू शकतो.