धोकादायक, हानिकारक, अपायकारक, घातक: कुठे कोणता?

प्रश्न असा आहे: फवारणीच्या माहितीपत्रकात कीटकनाशकाला धोकादायक म्हणावं, हानिकारक, अपायकारक की घातक? चारही शब्द एकाच अर्थाचे नाहीत का?

अर्थ शेजारचे आहेत, पण अदलाबदल करून पाहिली की फरक लगेच कळतो. 'धोकादायक वळण' ठीक, 'हानिकारक वळण' कानाला खटकतं. 'साखर दातांना हानिकारक' ठीक, 'धोकादायक' म्हटलं तर साखर दबा धरून बसल्यासारखी वाटते.

या विशेषणांच्या पोटातली नामं कोणत्या क्रियापदांबरोबर येतात ते पाहा. धोका असतो, वाढतो, टळतो. म्हणजे अजून काही घडलेलं नाही, घडू शकतं. पावसाळ्याआधी मुंबईत धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर होतात. यादीतल्या इमारतीने अजून कुणाला इजा केलेली असेलच असं नाही. ती पडण्याची भीती असते. नद्यांचंही तसंच. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० आणि ४५. आधी इशारा, मग धोका, हा क्रम फार नेमका आहे. पाणी घरात शिरून सामान भिजलं की मग 'हानी' हा शब्द येतो. हिंदीत 'धोखा' म्हणजे फसवणूक. त्या अर्थाने मराठीतही 'धोका दिला' म्हणतात, पण तिथे 'दगा दिला' म्हटलं तर काहीच घोळ होत नाही.

हानी होते आणि मोजता येते: पिकाची, पैशाची, कधी नावलौकिकाचीही. ती काही वेळा भरूनही निघते. म्हणून हळूहळू झिजवणाऱ्या, घट करणाऱ्या गोष्टीला हानिकारक म्हणतात. लिहिताना 'नि' ऱ्हस्व: सुटा शब्द हानी, पण समासात हानिकारक, हानिप्रद. फलकांवर 'हानीकारक' सर्रास दिसतं, ते चूक आहे.

अपाय मला या सगळ्यांत सुंदर वाटतो. अप + इ म्हणजे दूर जाणं, हातचं जाणं. उप + इ म्हणजे जवळ जाणं, त्यातून उपाय. अपाय आणि उपाय ही एकाच धातूची जोडी आहे. मराठीत अपाय बहुतेक जिवंत देहाला होतो. यंत्राला बिघाड होतो, भिंतीला तडा जातो. अपाय माणसाला, जनावराला, झाडाला.

घातक सगळ्यांत जड. मुळात मारण्याचा अर्थ असल्यामुळे शेवट विनाशात होणार असेल तिथेच तो शोभतो. किरकोळ गोष्टींना घातक म्हणत गेलं की खऱ्या वेळी शब्दात जोर उरत नाही. (शेतकऱ्यांच्या बोलण्यातली 'पेरणीची घात' वेगळी, ती स्त्रीलिंगी आणि शुभ, जमिनीत योग्य ओल असल्याची वेळ.) 'मारक' त्याहून सौम्य: 'उद्योगाला मारक धोरण' म्हणजे वाढ खुंटवणारं. त्याच्यासमोर तारक किंवा पोषक उभा राहतो.

जोखीम विशेषणापेक्षा व्यवहाराचा शब्द आहे. धोका समोरून येतो, जोखीम आपण समजून-उमजून उचलतो. सामान्यरूप जोखमीचा, जोखमीला, 'जोखिमीचा' नव्हे.

खरी श्रीमंती मात्र क्रियापदांत आहे, आणि पत्रकं लिहिणारे तिकडे वळतच नाहीत. शरीराला न मानवलेलं 'बाधतं': त्याला काकडी बाधली. विषबाधा हा शब्द याच घरातला. स्वतःच्या चुकीचं फळ 'भोवतं': दुर्लक्ष भोवलं. ऐन वेळी आडवं येतं ते 'नडतं': घाई नडली. केलेली खटपट उलटली की ती 'अंगाशी येते'. आणि 'जिवावर बेतलं' म्हणजे मरण समोर आलं होतं, पण अजून सुटकेला जागा होती. तेवढ्यासाठी इतर ठिकाणी अख्खं वाक्य खर्ची पडतं.

आता पत्रकाकडे. भारतात १९७१च्या नियमांनुसार कीटकनाशकाच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण असतो. प्रयोगातल्या प्राण्यांना तोंडावाटे दिल्यावर निम्मे मरतील ती मात्रा, म्हणजे दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम, यावरून रंग ठरतो: ५०पर्यंत लाल, ५००पर्यंत पिवळा, ५,०००पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. लाल आणि पिवळ्यावर 'विष' या अर्थाचा शब्द, निळ्यावर 'धोका', हिरव्यावर 'सावधान'. हिरवा म्हणजे निर्धोक असा समज होतो, तो पत्रकात स्पष्ट खोडून काढा. तोही तुलनेने कमी विषारी, इतकंच.

सगळ्यांत मोठी अडचण वेगळ्याच शब्दाची आहे. गावाकडे कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात: औषध मारलं, औषधाचा पंप. पिकाच्या बाजूने ते औषधच, पण मारणाऱ्या माणसाच्या बाजूने विष. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करतानाच शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा होऊन मृत्यू झाले. त्यामुळे 'हे औषध आरोग्यास हानिकारक आहे' असं लिहू नका. त्यात 'औषध' धीर देतं आणि 'हानिकारक' पुढे कधीतरी होणाऱ्या त्रासाकडे बोट दाखवतं. विशेषण गाळून नाम वापरा आणि पुढे काय करायचं ते सांगा: 'हे विष आहे. कातडीतून आणि श्वासातूनही बाधतं. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारू नका. अंगावर सांडलं तर कपडे लगेच काढा आणि साबण लावून भरपूर पाण्याने धुवा. मळमळ, घाम, अंधारी आली तर डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा.'