बाबांचं ऑटोकॅड विकता येईल का?

प्रश्न : माझे वडील आर्किटेक्ट होते. गेल्या वर्षी ते गेले. ऑफिस आवरताना ऑटोकॅड २०१४ या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची पेटी, पावती आणि सिरीयल नंबर सापडला. त्यांच्याकडचे जुने ड्राफ्ट्समन ते विकत घ्यायला तयार आहेत. लायसन्स कायमस्वरूपी आहे, मग विकायला हरकत नाही ना? – एक वाचिका, नाशिक

उत्तर : हरकत आहे, म्हणून अजून पैसे घेऊ नका. कायमस्वरूपी म्हणजे मुदत नसलेलं, एवढंच. कंपनीच्या संमतीशिवाय ते दुसऱ्याला देता येत नाही, असं ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कच्या करारातच असतं. पेटी तुमच्या कपाटात आहे खरी, पण वडिलांनी पैसे मोजले ते वापराच्या परवानगीचे.

यावर अमेरिकेत मोठा खटला झाला. टिमोथी व्हर्नर यांनी एका आर्किटेक्ट फर्मकडून ऑटोकॅड रिलीज १४ या जुन्या आवृत्तीच्या वापरलेल्या प्रती घेतल्या आणि ईबेवर विकायला काढल्या. सिएटलच्या न्यायालयात ते ऑटोडेस्कविरुद्ध जिंकले, पण २०१० मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला : फर्म त्या प्रतींची मालक नव्हतीच, मग विकणार काय? त्या फर्मने आधीच ऑटोकॅड २००० चं अपग्रेड घेतलं होतं आणि अपग्रेड घेतल्यावर जुन्या प्रती नष्ट करायच्या, अशी अट होती. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. करारातली अट मात्र तुमच्यापुढेही आहेच. वडिलांनी नंतर अपग्रेड घेतलं होतं का, ते पावत्यांच्या फाइलमध्ये आधी बघा.

मग पावती, सिरीयल नंबर आणि मृत्यूचा दाखला जोडून कंपनीला ईमेल करा. नाव बदलून द्यायचं की नाही हे कंपनी ठरवेल. होकार आला तर तो लेखीच घ्या. ‘लायसन्स ट्रान्सफर युटिलिटी’ या नावाने मात्र फसू नका. एकाच लायसन्सधारकाने एका संगणकावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी ती होती, मालक बदलण्यासाठी नाही.

एक कळकळीची विनंती. संगणक फॉरमॅट करायच्या आत वडिलांच्या सगळ्या डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडमधल्या नकाशांच्या, फाइल्स बाहेर काढून घ्या. त्या उघडून बघायचं डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू मोफत मिळतं, त्यातून पीडीएफही काढता येतात. एखादी सोसायटी उद्या पुनर्विकासाला निघाली, तर मूळ नकाशे मागायला ती तुमच्याच दारात येईल. त्या नकाशांचं मोल पेटीपेक्षा जास्त आहे.

प्रश्न : माझा भाऊ जर्मनीत असतो. तिथे वापरलेलं सॉफ्टवेअर राजरोस विकतात म्हणे. त्याच्याकडून मागवू का? – एक वाचक, पुणे

उत्तर : भाऊ खरं सांगतोय. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात तशी मुभा दिली. पण अटी बघा : लायसन्स बेमुदत हवं, ते मुळात तिथे रीतसर विकलेलं हवं, विकणाऱ्याने स्वतःची प्रत निकामी करायला हवी आणि अनेक जणांसाठीचं लायसन्स तोडून विकायचं नाही. मासिक-वार्षिक वर्गणीला यातलं काहीच लागू नाही. शिवाय ही मुभा तिथल्या कायद्याची; पुण्यात बसून तिचा आधार घेता येणार नाही. ऑटोडेस्कच्या करारात तर कोणत्या देशात वापरायचं हेही ठरलेलं असायचं. मागवू नका.

प्रश्न : चालतं डीटीपी सेंटर घेतोय. मालक म्हणतात, कोरलड्रॉ आणि श्री-लिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (संगणकाला लावायची लायसन्सची किल्ली) ‘दुकानासोबतच’ आहे. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खुर्च्या आणि प्रिंटर दुकानासोबत येतात, लायसन्स आपोआप येत नाही. डोंगल हातात पडलं तरी कंपनीच्या दफ्तरी नाव जुन्याच मालकाचं राहतं. उद्या ते बिघडलं की बदली कोण मागणार? श्री-लिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची आहे, जुन्या मालकांना सोबत घेऊन तिथे विचारा. कोरललाही स्वतंत्र ईमेल करा. खरेदीच्या करारात प्रत्येक सॉफ्टवेअर सिरीयल नंबरसह लिहून घ्या आणि नावं बदलेपर्यंत थोडी रक्कम हातात ठेवा.

जुन्या लग्नपत्रिकांच्या फाइल्स जपा. श्री-लिपीचा फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या, तर गणपतीखालच्या ॥ श्री ॥ च्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. प्रत्येक फाइलची एक प्रत कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू मारून कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, ठेवा. मूळ फाइल तशीच राहू द्या, नाहीतर पुढे अक्षर बदलता येणार नाही.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर अडीच हजारांत ‘लाइफटाइम ॲडोबी’ (फोटोशॉप वगैरे) मिळतंय. घेऊ का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अजिबात नाही. ॲडोबीने २०१३ मध्येच पुढची वाटचाल फक्त वर्गणीवर, असं जाहीर केलं. वर्गणीला लाइफटाइम कुठून येणार? असे विक्रेते बरेचदा कुठल्यातरी कॉलेजच्या किंवा कंपनीच्या खात्यात तुमचा ईमेल घुसवतात. ते खातं सांभाळणाऱ्याने नाव काढलं की सॉफ्टवेअर बंद, क्लाउडवर ठेवलेलं कामही अडकलं. आणि पायरेटेड प्रत निघाली, तर कॉपीराइट कायद्याचं कलम ६३-ब आहे. जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे.

प्रश्न : आमची डिझायनर नोकरी सोडून गेली. तिच्या नावावरची ॲडोबीची सीट (एका माणसापुरतं लायसन्स) वाया गेली का? – एक वाचिका, ठाणे

उत्तर : नाही. ॲडोबीचं ‘टीम्स’, म्हणजे कंपनीसाठीचं, खातं असेल तर ते सांभाळायच्या ॲडमिन कन्सोलमध्ये तिचं नाव काढून नव्या मुलीचं घाला. त्याआधी तिच्या क्लाउडमधल्या फाइल्स मात्र उतरवून घ्या.