थंडीत घरात केलेली कलिंगडाची रोपं लांबट होऊन का कोलमडतात?

तुम्ही लिहिलंय की दहा गुंठ्यांवर जानेवारीत कलिंगड लावायचं आहे, थंडी म्हणून ट्रे घरातच खिडकीपाशी ठेवले, बी उगवलं झकास, पण रोपं दोऱ्यासारखी लांब झाली आणि निम्मी आडवी पडली. बियाण्याला दोष देऊ नका. रोपं घरात चार दिवस जास्त राहिली, एवढंच झालंय.

कलिंगडाला घराची ऊब लागते ती कोंब वर येईपर्यंतच. २५ ते ३० अंशांत बी चार-पाच दिवसांत फुटतं, १५ च्या खाली नुसतं फुगून कुजतं. म्हणून आम्ही भरलेले ट्रे एकावर एक रचतो, वरून प्लास्टिकचा कागद आणि गोणपाट गुंडाळतो आणि पाणी तापवायच्या चुलीमागच्या खोलीत ठेवतो. तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ उघडून बघायचं. शंभरात पाच-दहा कोंब माती उचलताना दिसले की त्याच दिवशी थप्पी मोडून ट्रे बाहेर उजेडात. बाकीचे मागून येतात.

पहिल्या वर्षी मी याच वेळी दोन दिवस लग्नाला गेलो होतो. परत येऊन गोणपाट उचललं तर मटकीच्या मोडांसारखे पांढरे, बोटभर कोंब वरच्या ट्रेच्या भोकांत घुसलेले. ट्रे सोडवताना माना मोडल्या. सगळं उकिरड्यावर गेलं, आणि संकरित बियाण्याचा भाव तुम्हाला ठाऊक आहेच.

बाहेर आल्यावर दिवसभर ऊन, रात्री बांबूच्या कमानींवर प्लास्टिक. सकाळी नऊ-दहाला ते काढायलाच हवं, नाहीतर आत भट्टी होते. खिडकीतला उजेड आपल्याला भरपूर वाटतो, पण रोप तिकडे मान वळवून पळतं आणि पळता पळता बारीक होतं.

आडवी पडलेली रोपं उपटून बघा. मातीलगत देठ सुतासारखा बारीक आणि पाणचट झाला असेल तर ती मर आहे, म्हणजे रोपं कोलमडवणारा बुरशीचा रोग. संध्याकाळी दिलेलं पाणी आणि थंड रात्र यातून ती येते. झारी सकाळीच फिरवा, तीही ट्रेमधलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वरून फिकट दिसायला लागल्यावर. मर दिसलीच तर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला २.५ ग्रॅम घेऊन मुळाशी द्या, मात्र ट्रायकोडर्मा (रोगाशी लढणारी मित्रबुरशी) वापरलं असेल तर त्यावर हे ओतू नका, ते मरेल.

ट्रे भरण्याबद्दल थोडक्यात: भिजवलेलं कोकोपीट मुठीत दाबलं की बोटांतून एखाद-दोन थेंब यावेत, धार नको. बी दीड-दोन सेंटिमीटर खोल, आडवं टाका. फार वर राहिलं तर टरफल पानांवर टोपीसारखं अडकून बसतं. ते नखानं ओढू नका, पानंही सोबत येतात. सकाळी थोडं पाणी शिंपडा, मऊ होऊन गळतं. लाल-गुलाबी औषध चोळलेलं बी भिजत घालू नका, औषध धुऊन जातं. घरचं साधं बी असेल तर कोमट पाण्यात रात्रभर चालेल.

शेतात लावायची वेळ दिवसांवर ठरवण्यापेक्षा रोपावर ठरवा. पहिली दोन गुळगुळीत पानं ही बियांतली, ती धरू नका. त्यानंतरची कातरलेली एक-दोन पानं आली, रोप हलकेच ओढल्यावर कोकोपीटचा गड्डा न फुटता बाहेर आला आणि मुळं पांढरी दिसली की झालं. साधारण १२ ते १५ दिवस, कडाक्याच्या थंडीत १८. महिनाभराचं दणकट रोप मिरचीला चालतं, कलिंगडाला नाही. मुळं कप्प्यात गोल फिरतात आणि शेतात गेल्यावर वेल बसून राहतो. शेवटचे तीन दिवस पाणी थोडं तोडा, रात्रीचं प्लास्टिकही काढा. शेतात लावणी दुपारी चारनंतर.

हिशोब असा: दर सहा फुटांवर एक बेड (गादीवाफा) आणि दोन रोपांत सव्वा फूट धरलं तर दहा गुंठ्यांना १,४५० च्या आसपास रोपं, म्हणजे ९८ कप्प्यांचे १५ ट्रे. तुम्ही १७ भरा. पाच किलोची कोकोपीटची एक वीट पुरून उरते. जादाचे दोन ट्रे नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला ठेवा, पण त्या आठवड्याच्या आत भरा. उशिरा लावलेलं रोप शेजारच्या वेलाखाली दबतं.