‘येतो दादा’ म्हणून न येणारी मुलं

प्रश्न : ताई, मी 26 वर्षांचा आहे. एचआयव्ही प्रतिबंधाच्या एका अभ्यासासाठी 18 ते 25 वयाची मुलं शोधून आणायचं काम करतो. मी स्वतः समलिंगी आहे, त्यामुळे आमच्यातली मुलं माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. ॲपवर भेटतात, स्टेशनबाहेर भेटतात, नंबर देतात, ‘येतो दादा’ म्हणतात आणि तपासणीच्या दिवशी फोन बंद. वरून दर महिन्याचं टार्गेट आहेच. माझं काय चुकतंय? — घणसोली

उत्तर : सरकारी समुपदेशन केंद्रातल्या नोकरीत असे बंद फोन मीही पुष्कळ लावले. ओळखीच्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं आपल्याकडे जड जातं. त्यात तू त्यांच्यातलाच, वर वयाने मोठा. तेव्हा बंद फोन हा नकारच धर आणि पुन्हा लावू नकोस. पुढच्या मुलाला आधीच सांग, “नको वाटलं तर ‘नको’ एवढाच मेसेज टाक. मी कारण विचारणार नाही, आणि आपण भेटलो तर चहा तसाच पिऊ.” नकार इतका स्वस्त केलास की यादी आखूड होईल. होऊ दे.

हे मी नुसत्या भलेपणाने सांगत नाही. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेत ‘व्हॉइस’ नावाचा मोठा अभ्यास झाला होता. पाच हजारांहून जास्त स्त्रिया त्यात होत्या, बऱ्याचशा तरुण आणि अविवाहित. कुणाला रोजची एक गोळी, कुणाला दुसरी, कुणाला योनीत लावायचं जेल. बायका येत राहिल्या आणि औषध घेतो असं सांगत राहिल्या. त्यांच्या सांगण्यावरून हिशेब केला तर 90 टक्के डोस घेतलेले. रक्त तपासलं तर औषध सापडलं जेमतेम 25 ते 30 टक्के नमुन्यांत. 2013 मध्ये निकाल आला तेव्हा तिन्हीपैकी एकाही उपायाचा गुण दिसला नाही. दिसणार कसा? नंतर त्याच बायकांना खोदून विचारलं, तेव्हा कुणी दुष्परिणामांची भीती सांगितली, कुणी म्हणाली, घरचे ही गोळी बघून मलाच एचआयव्ही आहे असं समजतील. केंद्रातल्या माणसांसमोर मात्र ‘घेते ना’. तुझ्या मुलांचं ‘येतो दादा’ त्याच जातीचं आहे. भिडेखातर आलेला मुलगा पुढे भिडेखातर खोटंही सांगेल, आणि त्याच्या आकड्यावर कुणाचं तरी औषध ठरायचं आहे.

आता कामाचं. तपासणीची वेळ दुपारी बाराची आहे का? महापे-ऐरोलीला नाइट शिफ्ट करणारा मुलगा तेव्हा गाढ झोपलेला असतो. रबाळे एमआयडीसीतल्या मुलाची सुट्टी रविवारीच असेल असंही नाही. संध्याकाळी सातनंतरचे दोन दिवस मागून घे. केंद्राच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत एचआयव्ही लिहिलं असेल तर तेही वर कळव. शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी बघितलं, एवढ्यावर मुलं जिन्यातून परत फिरतात.

व्हॉट्सॲप ग्रुप तर मुळीच नको. तारखा कळवायला सोपं पडतं म्हणून लोक करतात, पण ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. कोपरखैरण्याचा मुलगा तिथे आपल्या चुलत भावाच्या मित्राचा डीपी बघतो आणि त्याच मिनिटाला ग्रुप सोडतो. एकेकाला वेगळा मेसेज कर आणि मेसेजमध्ये आजाराचं नाव नको. ‘किती जणांशी संबंध येतो’ हा प्रश्न कट्ट्यावर विचारायचा नाही. तो दाराआड, समुपदेशकाने विचारायचा.

एक गोष्ट मात्र भेटीतच सांगायला हवी, आणि भरती करणारे नेमकी तीच टाळतात. अशा अभ्यासात घेण्याआधी एचआयव्हीची चाचणी होते. एखाद्याला आपल्याला लागण झाली आहे हे तिथेच, तुझ्यामागून आलेला असताना कळणार आहे. ‘नुसतं रक्त देऊन ये’ म्हणून त्याला पाठवलंस तर तो तुला जन्मात माफ करणार नाही, आणि बरोबरच करेल. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार चाचणीला नीट समजावून घेतलेली संमती लागते, संशोधनालाही लागते. लागण निघाली तर तो अभ्यासातून बाद होईल, पण तू त्या दिवशी त्याच्याबरोबर राहा. सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, उपचार मोफत आहेत, आता निदान झालं की लगेच सुरू होतात, आणि गोळ्या नियमित घेऊन रक्तात विषाणू सापडेनासा झाला की लैंगिक संबंधातून तो पुढे जात नाही. हे सगळं त्या मुलाला तुझ्या तोंडून ऐकू येऊ दे, वॉर्डबॉयच्या नको.

टार्गेटचं म्हणशील तर, वरिष्ठांना सांग की पूर्ण माहिती ऐकून ‘नाही’ म्हणालेलीही मोजा. ऐकतील की नाही ते त्यांच्यावर आहे. डोक्यामागे पैसे मिळत असतील तर मात्र नैतिकता समितीला, म्हणजे अभ्यासातल्या माणसांचं हित बघणाऱ्या समितीला, हे मान्य आहे का, ते विचारून घे. मला ते पटत नाही.

प्रश्न : मी 23 वर्षांचा, ऐरोलीला आयटीत आहे. मित्राच्या सांगण्यावरून अशाच एका अभ्यासात नाव दिलं. इंजेक्शन आणि गोळ्या दोन्ही देणार, त्यातलं एक खोटं असेल म्हणतात. माझ्या वाट्याला खरं काय आलं ते डॉक्टरांनाही माहीत नसतं म्हणे. आता कंडोमची गरज नाही ना? आणि मध्येच सोडलं तर मित्राच्या नोकरीवर येईल का? — ऐरोली

उत्तर : गरज आहे. दोघांपैकी एक जुनं, सिद्ध झालेलं औषध असेल आणि दुसरं नवं. नवं तुझ्या वाट्याला आलं तर ते चालेल की नाही हेच तर शोधायचं आहे. कधी कधी फार छान चालतं. लेनाकापाविर हे सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या 16 ते 25 वयाच्या 2,134 मुली-बायकांना दिलं होतं. 2024 मध्ये निकाल आला, त्यांच्यात एकीलाही लागण झाली नव्हती. पण नाव देताना हे त्यांना कुणी सांगू शकत नव्हतं. ‘मोझेइको’ या लशीच्या अभ्यासातही लोकांनी तशाच आशेने दंड पुढे केला होता. लस निरुपयोगी ठरली आणि 2023 मध्ये तो गुंडाळावा लागला. शिवाय ही औषधं सिफिलिस, गनोरिया थांबवत नाहीत, ते काम कंडोमचं.

लशीवरून आठवलं. उद्या लशीच्या अभ्यासात गेलास तर एक प्रश्न हमखास विचार. लशीमुळे शरीरात प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात आणि साध्या चाचणीत एचआयव्ही नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकतं. पुढे विमा किंवा परदेशी नोकरीच्या तपासणीत हे निघालं तर खरी स्थिती दाखवणारी चाचणी आणि पत्र कोण देणार, किती वर्षं देणार, ते लेखी घे.

संमतीपत्र मराठीत माग आणि घाई करू नकोस. औषधामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार ते त्यात असायलाच हवं. नैतिकता समितीचा फोन नंबरही. कॅमेऱ्याची धास्ती असेल तर ऐक : काही नव्या औषधांच्या चाचण्यांत असुरक्षित गटातल्या माणसांच्या संमतीचं चित्रीकरण सक्तीचं असतं, पण एचआयव्हीवरच्या औषधांच्या चाचण्यांसाठी नियमाने फक्त आवाज मुद्रित करायला सांगितलं आहे. चेहरा नाही.

अभ्यास केव्हाही सोडता येतो, कारण न देता. मात्र सोडताना केंद्रात सांगून सोड, म्हणजे इंजेक्शनचा अंमल ओसरेपर्यंत काय घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. मित्राची नोकरी सांभाळणं हे तुझ्या दंडाचं काम नाही. वरचं उत्तर त्याला वाचायला दे.

प्रश्न : माझी मुलगी 22 वर्षांची आहे, ठाण्याला नोकरी करते. तिच्या बॅगेत डबा ठेवताना एचआयव्ही संशोधनाचा सही केलेला कागद दिसला. रात्रभर झोप नाही. मिस्टरांना सांगितलेलं नाही. तिला झालं आहे का? — कळवा

उत्तर : कागदावर ‘प्रतिबंध’ असं असेल तर आधी मोठा श्वास घ्या. प्रतिबंधाच्या औषधांचा अभ्यास एचआयव्ही नसलेल्यांवरच करतात. एचआयव्ही होऊ नये म्हणून ती काही करते आहे, एवढंच त्यावरून कळतं. तिचे संबंध कुणाशी आहेत, हे तुमच्या मनात आलंच असेल. ते कागदावरून कळणार नाही, आणि बॅग तपासून तर नाहीच.

मिस्टरांना सांगितलं नाहीत ते उत्तम केलंत. कागद होता तिथे ठेवा. पण तो दिसला हे तिला एकटीला गाठून सांगा, नाहीतर तुमच्या चेहऱ्यावरून ती ओळखेल आणि केंद्रात जायचंच बंद करेल. केंद्राला फोन करू नका. ती सज्ञान आहे, ते तुम्हाला ‘इथे येते’ एवढंही सांगणार नाहीत. तुमच्या स्वतःच्या शंकांसाठी 1097 ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट. आणि मुलीला वाटलं तर तिची प्रत केंद्रात ठेवता येईल का ते ती विचारू शकते, डब्याच्या पिशवीत कशाला?