लेन्सखालचं पाणी

वाचकांचे प्रश्न : स्क्लेरल लेन्स

माझ्या २२ वर्षांच्या मुलाला केराटोकोनस आहे. दोन वर्षांपूर्वी सी-थ्री-आर केलं, तरी चष्म्याने अक्षरं दुहेरी दिसतात. आता डॉक्टर स्क्लेरल लेन्स सुचवतात. मग सी-थ्री-आर वाया गेलं का? (लातूर)

नाही. दोन्हींची कामं वेगळी आहेत. केराटोकोनसमध्ये कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. सी-थ्री-आरमध्ये रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण यांच्या मदतीने त्यातले तंतू घट्ट बांधले जातात. आजार आहे तिथे थांबावा, हा त्याचा हेतू. आलेला उंचसखलपणा बहुतांशी तसाच राहतो आणि चष्म्याने तो भरून निघत नाही.

ते काम स्क्लेरल लेन्स करते. नेहमीची कडक लेन्स साधारण ९-१० मिलिमीटरची असते आणि कॉर्नियावरच बसते. शंकू टोकदार असेल तर तिथे घासते. स्क्लेरल लेन्स साधारण १५ ते २० मिलिमीटरची. ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, कॉर्नियाला शिवत नाही. मधल्या फटीत सलाइन असतं. खड्डे-उंचवटे त्या पाण्याखाली जातात आणि प्रकाशाला समोर गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो.

ही फट सुरुवातीला २०० ते ३०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठेवतात. काही तासांत लेन्स थोडी रुतते आणि फट शंभरेक मायक्रॉनने कमी होऊ शकते. म्हणून चाचणीची लेन्स घातल्याबरोबर पाहून ऑर्डर देणं बरोबर नाही. मुलाला काही तास ती घालून बसू द्या आणि मग पुन्हा तपासून घ्या.

दोन गोष्टी सोडू नका. त्याने डोळे चोळणं पूर्ण बंद करायला हवं. खाज असेल तर ॲलर्जीवर उपचार घ्या. आणि लेन्सने छान दिसू लागलं तरी कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा ठरल्या वेळी काढत राहा. लेन्स नजर सुधारते, आजार थांबवत नाही. उलट, तो वाढत असेल तर चांगल्या नजरेमुळे ते लवकर लक्षातच येत नाही.

रोज सकाळी लेन्सखाली बुडबुडा राहतो. तीन-तीनदा काढून घालते. चूक कुठे होते? (नाशिक)

बहुतेक वेळा मानेत. चेहरा जरा जरी तिरका राहिला तरी सलाइन सांडतं आणि त्या जागी हवा शिरते.

साबणाने धुतलेले हात धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडे करा. आरसा टेबलावर आडवा ठेवा. लेन्स मोठ्या प्लंजरवर (लेन्स धरायच्या रबरी चोखणीवर) वाटीसारखी बसवून सलाइन काठोकाठ, वर फुगवटा येईपर्यंत भरा. हनुवटी छातीला लावा, चेहरा जमिनीला समांतर हवा. दोन्ही पापण्या केसांच्या मुळाशी धरून पूर्ण उघडा आणि लेन्स सरळ वर न्या. पाणी डोळ्याला लागताच हात दचकून थांबतो, आणि बुडबुडा नेमका तिथेच होतो. लेन्स पांढऱ्या भागाला टेकेपर्यंत वर नेत राहा. आधी खालची पापणी सोडा, मग वरची, शेवटी प्लंजर.

बुडबुडा राहिलाच तर वरून थेंब घालून तो जात नाही. त्याच्याखालचा कॉर्निया कोरडा पडतो, म्हणून लेन्स काढून पुन्हा भरा. सगळं नीट करूनही तो रोज एकाच जागी येत असेल तर काठाची बसवण चुकली आहे. ते दुरुस्त करणं तज्ज्ञांचं काम.

काढताना लहान प्लंजर ओला करून लेन्सच्या काठाजवळ लावा, मध्यभागी कधीच नाही. मध्ये लावला की लेन्सची पकड सुटत नाही आणि कॉर्नियाच ओढला जातो. आधी खालच्या काठाशेजारी बोटाने हलकं दाबलं तर पकड सैल होते.

दुपारपर्यंत सगळं दुधाळ दिसू लागतं. (ठाणे)

आधी लेन्सचा वरचा पृष्ठभाग सलाइनमध्ये भिजवलेल्या प्लंजरने डोळ्यातच हलके पुसून पाहा. साफ दिसलं तर मळ बाहेरचा आहे. नाही दिसलं तर अश्रूंमधला चिकट गाळ आत साचला आहे. लेन्स काढा, धुवा, ताजं सलाइन भरून घाला. रोज होत असेल तर फट जास्त आहे का, काठ सैल आहे का, पापण्यांच्या तेलग्रंथी तुंबल्या आहेत का, हे तपासून घ्या. मात्र दिव्यांभोवती इंद्रधनुषी कडी दिसत असतील आणि लेन्स काढल्यावरही धूसरपणा राहत असेल, तर प्राणवायू कमी पडून कॉर्नियाला सूज आलेली असू शकते. तेव्हा लेन्स बंद ठेवून लगेच दाखवा.

औषधाच्या रिॲक्शननंतर (स्टीव्हन्स-जॉन्सन) आईचे डोळे कोरडे पडलेत, उजेड सहन होत नाही. तिला ही लेन्स चालेल? (कोल्हापूर)

अशाच डोळ्यांना तिचा मोठा आधार मिळतो. कॉर्निया दिवसभर सलाइनमध्ये राहतो आणि खरखरीत पापणीचं घर्षण लेन्स झेलते. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय इथे यासाठी खास बेतलेली ‘प्रोज’ लेन्स बसवतात. नुसत्या साध्या कोरडेपणासाठी मात्र आधी थेंब, पापण्यांचा शेक, अश्रूनलिकेतले प्लग हे करून पाहावं.

सलाइन संपलं तर आरओचं पाणी किंवा सॉफ्ट लेन्सचं सोल्युशन भरलं तर? (पुणे)

दोन्ही नको. १८८८ साली अडॉल्फ फिक यांनी काचेच्या पहिल्या लेन्सखाली ग्लुकोजचं पाणी भरलं होतं. तेव्हापासून मुद्दा तोच आहे, जे भरतो ते तासन्‌तास कॉर्नियाला लागून राहतं. नळाच्या किंवा आरओच्या पाण्यात अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव असू शकतो, त्याचा संसर्ग नजर घेऊ शकतो. सोल्युशनमधलं संरक्षक द्रव्य आत अडकून कॉर्नियाला झोंबतं. संरक्षक द्रव्य नसलेल्या निर्जंतुक सलाइनच्या लहान कुप्या घ्या. एक फोडली की उरलेलं टाकून द्या, उद्यासाठी ठेवू नका.

रात्री लेन्स काढूनच झोपायचं. हायड्रोजन पेरॉक्साइडने साफ करत असाल तर सोबतच्याच डबीत, बाटलीवर लिहिलेला पूर्ण वेळ, सहसा सहा तास, ठेवा. त्याआधी डोळ्यात घातली तर भयंकर आग होते. तसं झालंच तर लेन्स लगेच काढून सलाइनने डोळा भरपूर धुवा.