सावली, छाया की काळोख?

प्रश्न असा आहे की डच चित्रकार रेम्ब्रांटच्या 'हंड्रेड गिल्डर प्रिंट' या छापचित्रावर लिहिताना एकीने 'येशूच्या मागे गडद सावली आहे' असं वाक्य लिहिलं, तर मैत्रीण म्हणाली सावली नको, छाया लिही. बरोबर कोण?

मला विचाराल तर या जागी दोन्ही शब्द नकोत, पण दोघींचे शब्द त्याच चित्रात दुसरीकडे अगदी फिट बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सावलीला मालक लागतो. झाडाची, भिंतीची, माणसाची. 'कोणाची?' असं विचारलं आणि उत्तर आलं तर ती सावली, आणि तिला आकारही असतो. छाया म्हणजे वस्तूच्या स्वतःच्या अंगावरची, उजेडाकडे पाठ केलेली बाजू. चेहऱ्यावर दुःखाची छाया आली असं आपण सहसा म्हणतो ते यामुळेच, ती चेहऱ्यातच मुरलेली असते. एलिमेंटरी-इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षा दिलेल्यांना आठवेल, मडकं काढलं की आधी मडक्याच्या अंगावर शेडिंग आणि मग खाली टेबलावर पडलेली शॅडो, तर पहिली छाया आणि दुसरी सावली किंवा पडछाया. (लिपस्टिकची किंवा साडीच्या रंगाची 'शेड' मात्र छटा, तिथे छाया अजिबात लिहू नका.)

आता चित्राकडे या. १६४८च्या आसपासचं हे एचिंग (तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडने रेघा कोरून छापलेलं चित्र), बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानातल्या १९व्या अध्यायावरचं. येशूसमोर एक म्हातारी गुडघे टेकून हात जोडून बसलीय आणि त्या जोडलेल्या हातांची सावली येशूच्या अंगरख्यावर पडलीय. मोठं करून बघा, एवढीशी आहे, पण स्पष्ट आहे. तिचा हात त्याला लागलेला नाही, सावली लागलीय! इथे 'छाया' लिहिलं तर सगळं हातातून जाईल, कारण ती कोणाची आहे हेच तर महत्त्वाचं आहे.

आणि येशूच्या मागे, उजवीकडे कमानीतून आजारी माणसं येतायत तिथे जे आहे ते कोणा एकाचं नाही. तो काळोख आहे. काळोख दाटतो असं आपण म्हणतो आणि एचिंगमध्ये तो खरोखरच दाटवावा लागतो, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने रेघा, मग ॲसिड, वर परत आडव्या-तिरक्या रेघा, आणि ड्रायपॉइंटमध्ये तर सुई थेट तांब्यावर, तिथे रेघेच्या कडेला तांबं किंचित वर उचललं जातं, ते शाई धरून ठेवतं आणि छापल्यावर मखमलीसारखं काळं येतं. उजेडासाठी मात्र पत्र्याला हातच लावायचा नाही. डावीकडे वाद घालणारी मंडळी बघा, नुसत्या बारीक बाह्यरेषा, बाकी कोरा कागद.

म्हणून 'प्रकाश टाकलाय' हेही एचिंगबद्दल मी लिहिणार नाही, 'उजेड राखलाय' लिहीन.

ते वाक्य मी असं करेन: 'येशूच्या मागे काळोख दाटलाय, समोरच्यांच्या चेहऱ्यांवर छाया आहे, आणि अंगरख्यावर एका म्हातारीच्या जोडलेल्या हातांची सावली.'