अपडेट केलं नि फोन बिघडला?

या खेपेच्या पत्रांत एक वाक्य सारखं भेटलं: 'अपडेट केल्यापासून असं होतंय.' काही ठिकाणी ते खरं आहे, काही ठिकाणी अपडेट बिचारं नाहक बदनाम झालं आहे. खालची मेन्यूंची नावं अँड्रॉइड फोनांची आहेत. कंपनीगणिक एखादा शब्द इकडचा तिकडे होतो. सापडला नाही तर सेटिंग्जच्या माथ्यावरच्या भिंगात तो शब्द लिहून शोधा.

प्रश्न : परवा रात्री मोठं अपडेट घेतलं. तेव्हापासून फोन तापतो, आणि सकाळी शंभर टक्के असलेली बॅटरी दुपारी तीनला मान टाकते. दुकानदार म्हणतो, 'रीसेट मारा.' मारू का? (नांदेड)

उत्तर : अजिबात नको, निदान आत्ता तरी नको. अँड्रॉइडची आवृत्ती बदलली की फोनमधल्या ॲप्सची नव्या आवृत्तीसाठी आतून पुन्हा बांधणी होते, गॅलरी फोटोंची यादी नव्याने लावते, आणि हे सगळं पडद्यामागे चालू असतं. त्यामुळे पहिले एकदोन दिवस फोन तापणं आणि बॅटरी लवकर उतरणं यात नवल नाही. ही कामं बरीचशी फोन चार्जिंगला आणि निवांत असतानाच होतात. म्हणून दोन रात्री वाय-फाय चालू ठेवून, कव्हर काढून फोन चार्जरला लावून ठेवा. उशीखाली नको.

दरम्यान प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर टिचकी मारा, 'मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस'मध्ये जाऊन 'अपडेट ऑल' करा. नव्या अँड्रॉइडवर जुनी ॲप्स अडखळतात आणि बॅटरी खातात. मग फोन एकदा रीस्टार्ट करा.

तिसऱ्या दिवशीही तीच गत असेल तर सेटिंग्ज → बॅटरी → बॅटरी युसेज उघडा. तिथे एकच ॲप वाजवीपेक्षा वर बसलेलं दिसलं तर चोर सापडला: त्याचं 'फोर्स स्टॉप' करा, त्याने भागलं नाही तर काढून पुन्हा टाका. वर 'मोबाइल नेटवर्क' दिसत असेल तर गोष्ट वेगळी. फाइव्हजीची रेंज जिथे येऊनजाऊन असते तिथे फोन दिवसभर टॉवर शोधत बसतो. 'प्रिफर्ड नेटवर्क टाइप'मध्ये फोरजी निवडून एक दिवस बघा.

काही फोनांत रिकव्हरी मेन्यूत (अँड्रॉइड सुरू होण्याआधी उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेन्यूत) 'वाइप कॅशे पार्टिशन' असतं. अपडेटनंतरच्या अडखळण्यावर त्याचा उपयोग होतो आणि त्याने फोटो, मेसेज जात नाहीत. पण सॅमसंगच्या त्या मेन्यूत त्याच्या अगदी वरचीच ओळ 'वाइप डेटा, फॅक्टरी रीसेट' ही आहे. आवाजाच्या बटनाने वरखाली जायचं, पॉवर बटनाने निवडायचं. बोट एक ओळ चुकलं की सगळं साफ. हाताची खात्री नसेल तर तिकडे जाऊच नका.

जुन्या आवृत्तीवर परत जाण्याबद्दलही दोघातिघांनी विचारलं आहे. बऱ्याच फोनांत कंपनीनेच ती वाट बंद केलेली असते, आणि जिथे ती उघडी आहे तिथे आतला सगळा डेटा पुसूनच जाता येतं. तो नाद सोडा.

प्रश्न : अपडेट आलेलं दिसतं, पण 'जागा अपुरी' म्हणून उतरत नाही. फोन ६४ जीबीचा. मी फोटो फारसे काढत नाही. नातवाने जागा साफ करणारं ॲप टाकून दिलं, तरी फरक नाही. (निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : बाई, आधी ते सफाईवालं ॲप काढून टाका. असली ॲप्स बहुतेक वेळा कॅशे पुसतात. म्हणजे ॲपने कामापुरता काढून ठेवलेला माल. दुसऱ्या दिवशी ॲप तो परत गोळा करतं. वर सफाईवालं ॲप जाहिराती दाखवतं ते वेगळंच.

६४ जीबीतला मोठा वाटा अँड्रॉइड स्वतःच अडवून बसतं. उरलेल्यात, फोटो न काढणाऱ्यांच्या फोनमध्ये, मुख्य भाडेकरू एकच असतो: व्हॉट्सॲप. सुप्रभात, वाढदिवस, कीर्तनाचे व्हिडिओ, लग्नपत्रिकांच्या पीडीएफ.

व्हॉट्सॲपमध्ये तीन ठिपके → सेटिंग्ज → स्टोरेज अँड डेटा → मॅनेज स्टोरेज. वरच 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' आणि 'लार्जर दॅन ५ एमबी' असे दोन गठ्ठे दिसतील. पहिला गठ्ठा डोळे झाकून टाकला तरी चालतो. दुसऱ्यात मात्र घरचे व्हिडिओही असतात, ते एकेक पाहून काढा. खाली कोणत्या गटाने किती जागा खाल्ली याची उतरती यादी असते. पहिले तीन गट पुरेत. मग एक पायरी मागे येऊन 'मीडिया ऑटो-डाउनलोड'मधल्या मोबाइल डेटा, वाय-फाय, रोमिंग या तिन्ही ठिकाणच्या खुणा काढा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा हेच पत्र लिहावं लागेल. 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केली की जागा वाचते असं पुष्कळांना वाटतं. नाही वाचत. फाइल्स गॅलरीत दिसत नाहीत एवढंच, असतात तिथेच.

एक खाच सहसा कुणी पाहत नाही. व्हॉट्सॲप रोज रात्री दोनच्या सुमारास मेसेजची एक प्रत फोनमध्येच ठेवतं आणि अशा साधारण सात दिवसांच्या प्रती साठलेल्या असतात. फाइल्स ॲपमध्ये इंटर्नल स्टोरेज → अँड्रॉइड → मीडिया → कॉम डॉट व्हॉट्सॲप → व्हॉट्सॲप → डेटाबेसेस असं आत जा. 'एमएसजीस्टोअर'ने सुरू होणाऱ्या फाइल्स दिसतील. नावात तारीख असलेल्या जुन्या. त्या काढल्या तर चालतं. तारीख नसलेली सगळ्यांत ताजी, तिला हात लावू नका. मेसेज जुने आणि गट मोठे असतील तर एकेक प्रत काहीशे एमबीची निघते.

फोटो गूगल फोटोजमध्ये चढवलेले असतील तर तिथलं 'फ्री अप स्पेस' वापरा. त्याने फक्त फोनमधली प्रत जाते, ढगातली (गूगलकडे चढवलेली) राहते. त्याच ॲपमध्ये फोटो निवडून कचरापेटीचं चिन्ह दाबलं तर फोटो दोन्हीकडून जातो. या दोन बटनांच्या गल्लतीत लोकांनी बारशाचे फोटो घालवले आहेत. चुकून गेलाच तर ॲपमधली 'ट्रॅश' बघा. चढवलेला फोटो तिथे ६० दिवस थांबतो.

अपडेट जिथे दिसतं त्याच पानावर त्याचा आकार लिहिलेला असतो. त्याच्या दुप्पट जागा मोकळी ठेवा, कारण उतरवायला एकदा जागा लागते आणि उलगडायला पुन्हा. बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या.

प्रश्न : अपडेट झालं, फोन चालू झाला आणि पडद्यावर वरून खालपर्यंत हिरवी रेघ. कंपनी म्हणते वॉरंटी संपली. अपडेटने बिघडवलं तर खर्च माझ्या माथी का? (डोंबिवली)

उत्तर : राग समजतो. आधी एक चाचणी करा. स्क्रीनशॉट काढा आणि दुसऱ्या फोनवर पाठवून बघा. तिथे रेघ दिसली नाही, आणि ती दिसणार नाहीच, तर दोष पडद्यात आहे, सॉफ्टवेअरमध्ये नाही. रीसेट, सेफ मोड (बाहेरून टाकलेली ॲप्स बंद ठेवून फोन चालवणं), पुढचं अपडेट यांतलं काहीही ती पुसणार नाही.

ॲमोलेड पडदा आणि त्याला जोडणारी पातळ पट्टी यांतला सांधा उष्णतेने, दाबाने, वयाने सुटत जातो. अपडेटच्या वेळी फोन बराच वेळ जोरात चालतो, तापतो, आणि आधीच कच्चा असलेला सांधा तेव्हा हात टेकतो. म्हणजे अपडेट निर्दोष आहे असं नाही, पण रेघ त्याने काढलेली नाही. ही तक्रार भारतात गेल्या काही वर्षांत इतकी वाढली की काही कंपन्यांनी ठरावीक मॉडेलांचे पडदे वॉरंटी संपल्यावरही फुकट बदलून दिले. तेव्हा सर्व्हिस सेंटरला तोंडी विचारून परत येऊ नका. मॉडेलचं नाव, अपडेटची तारीख आणि फोटो जोडून ईमेल करा, जॉब शीट (तक्रार नोंदल्याचा कागद) मागून घ्या. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

तोवर आजच बॅकअप घ्या. एका रेघेच्या चार होतात, मग स्पर्श जातो, आणि स्पर्श गेला की कुलूपही उघडता येत नाही.

बाहेर फोल्डर (दुकानदारांच्या भाषेत काच-पडद्याचा जोड) बदलायचा झाला तर एक प्रश्न नक्की विचारा: 'ॲमोलेड आहे की एलसीडी?' फारच स्वस्तात मिळणारा फोल्डर एलसीडीचा असतो. त्यावर पडद्याखालचा बोटाचा ठसा चालत नाही आणि काळा रंग राखाडी दिसतो. पैसे द्यायच्या आधी दुकानातच ठसा लावून बघा.

प्रश्न : पावसात भिजलो. आता चार्जर लावला की पाण्याच्या थेंबाचं चिन्ह येतं आणि चार्जिंग होत नाही. फोन तांदळात ठेवला आहे. (चिपळूण)

उत्तर : तांदळातून काढा. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, उलट त्याची भुकटी आणि कण पोर्टमध्ये जातात. ॲपलनेही आपल्या सूचनांत हे स्पष्ट लिहिलं आहे. हेअर ड्रायरही नको.

केबल काढा, पोर्ट खाली करून फोन तळहातावर हलकेच आपटा, मग पंख्याखाली ठेवा. अर्ध्या तासाने केबल लावून बघा. चिन्ह आलं तर पुन्हा वाळत ठेवा. पूर्ण वाळायला २४ तासही लागू शकतात, कोकणातल्या आषाढात तर लागतातच. केबलचं टोकही पुसा, पुष्कळदा ओल तिथेच असते. फोनला वायरलेस चार्जिंग असेल तर पाठ कोरडी करून तोवर ते वापरा. फोन बंद करून चार्जिंग रेटण्याची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका: ओल्या पिनांत वीज गेली की त्या गंजतात.

सगळं वाळूनही चिन्ह हटत नसेल आणि फोन सॅमसंगचा असेल तर ॲप्सच्या यादीत 'शो सिस्टिम ॲप्स' चालू करा, 'यूएसबी सेटिंग्ज' → स्टोरेज → क्लिअर कॅशे करून रीस्टार्ट करा. टॉर्चच्या उजेडात पिनांवर हिरवट थर दिसला तर मात्र घरचे उपाय संपले, चार्जिंग पट्टी बदलावी लागेल. नुसता कापसासारखा मळ दिसला तर फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळूच काढा. टाचणी नको.

प्रश्न : फोन बदलल्यापासून 'कुऱ्हाडे' हे नाव शोधलं की सापडत नाही. यादीत मात्र डोळ्यांना दिसतं! (बेळगाव)

उत्तर : फार गोड प्रश्न, आणि खास मराठीचा. हा अर्धा 'र' संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक: 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग 'ह'. दुसरी: साधा 'र', हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह, मग 'ह'. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोधणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. जुन्या फोनच्या कीबोर्डाने नाव एका तऱ्हेने साठवलं असेल आणि नवा कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेने शोधत असेल.

आताच्या कीबोर्डाने ते नाव एकदा पुसून पुन्हा लिहा आणि सेव्ह करा. कीबोर्डाची भाषा मराठीच आहे ना, तेही पाहा. हिंदीला या अक्षराची गरज पडत नाही, म्हणून हिंदी कीबोर्डावर ते बहुधा नसतं आणि मग 'कुर्हाडे' असं भलतंच उमटतं. बोऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाड यांनाही हाच उपाय. पुष्कळ नावं असतील तर संपर्काच्या 'निकनेम' रकान्यात सोपा शब्द टाका, शोध तिथेही जातो.

प्रश्न : ब्राउझरमध्ये सारखं येतं, 'तुमच्या फोनमध्ये ४ व्हायरस, ताबडतोब अपडेट करा.' करू का? (वडोदरा)

उत्तर : नाही. फोनचं खरं अपडेट सेटिंग्जमध्ये येतं, ॲपचं प्ले स्टोअरमध्ये. वेबपानावर, एसएमएसमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर आलेलं 'अपडेट' खोटं. क्रोममध्ये सेटिंग्ज → साइट सेटिंग्ज → नोटिफिकेशन्स इथे अनोळखी साइट्सची परवानगी काढा, कटकट थांबेल.

आरटीओ चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकणारी फाइल) आधीच टाकून झाली असेल तर लगेच विमान मोड चालू करा, वाय-फायही बंद आहे ना ते पाहा, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला व १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला कळवा. असली ॲप्स एसएमएस वाचून ओटीपी पळवतात. मगच सेफ मोडमध्ये ते ॲप काढा. निघत नसेल तर सेटिंग्जमधल्या 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स' आणि 'ॲक्सेसिबिलिटी' इथे त्याला दिलेली परवानगी आधी बंद करा. कॉल सेटिंग्जमध्ये कॉल फॉरवर्डिंग कुठल्या अनोळखी नंबरावर लागलेलं नाही ना, तेही बघा.

प्रश्न : अपडेटनंतर बँकेचं ॲप उघडताच बंद होतं. (पणजी)

उत्तर : प्ले स्टोअरमध्ये 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' (ॲप्सच्या आत वेबपानं दाखवणारा भाग) आणि क्रोम ही दोन्ही अपडेट करा. मार्च २०२१मध्ये वेबव्ह्यूच्या एका सदोष आवृत्तीने जगभर जीमेलसकट कितीतरी ॲप्स अशीच पाडली होती. त्याने काम झालं नाही तर सेटिंग्जमध्ये 'डेव्हलपर ऑप्शन्स' बंद करा आणि पडदा दुसऱ्याला दाखवणारं एखादं ॲप असेल तर काढून टाका. ही दोन दिसली की बँकांची पुष्कळ ॲप्स दार लावून घेतात. ॲपचा डेटा पुसण्याची पाळी सगळ्यांत शेवटी. पुसलात तर नोंदणी पुन्हा करावी लागेल, आणि त्यासाठी बँकेत नोंदलेलं सिम फोनमध्ये हवं आणि त्यावरून एसएमएस जायला हवा. दोन सिम असतील तर तो दुसऱ्याच सिमवरून जात नाही ना, हे आधी बघा.